अंबाडा सोडून उंची मोजा: लठ्ठपणाच्या ऑपरेशनची फाइल, फेब्रुवारी ते सप्टेंबर

ओपीडीत सिस्टरने उंची मोजली तेव्हा माझ्या केसांचा अंबाडा होता आणि पायात सपाता होत्या. १५८ सेंटिमीटर, वजन ९९.२ किलो, बीएमआय ३९.७. केसपेपरवर निळ्या पेनाने तारीख, ३ फेब्रुवारी २०२५. अंबाडा आणि सपातांच्या जास्तीच्या दोन सेंटिमीटरनी पुढे जूनमध्ये माझं ऑपरेशन जवळजवळ अडवलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बीएमआय काढताना किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. उंचीचा वर्ग होत असल्याने तिथली बारीकशी चूकही मोठी होते. माझी अनवाणी, केस मोकळे सोडून मोजलेली उंची १५६ आहे. त्या उंचीला त्याच दिवशीचा बीएमआय ४०.८ येतो. डॉक्टरांच्या दृष्टीने दोन्ही आकडे सारखेच. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकत्र येऊन ठरवलेल्या मर्यादेनुसार बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर आणि जोडीला मधुमेहासारखे आजार असतील, तर ऑपरेशनचा विचार करता येतो. मेडिक्लेमचं गणित मात्र वेगळं. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने २०१९ मध्ये वगळण्याच्या अटी सगळ्या कंपन्यांसाठी एकसारख्या केल्या, त्यातली सहावी लठ्ठपणाची. तिच्यानुसार बीएमआय ४० किंवा जास्त हवा. नाहीतर ३५ किंवा जास्त, सोबत चारपैकी एक आजार आणि आधीचे साधे उपाय फसलेले. ते चार आजार असे: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडणं), आणि नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह. गुडघे, पीसीओडी, फॅटी लिव्हर, रक्तदाब यांना यादीत जागा नाही.

४० आणि ३५ हे आकडे मूळचे अमेरिकेतल्या १९९१ च्या एका तज्ज्ञ परिषदेचे. शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये ते खाली आणले आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच ऑपरेशनचा पर्याय द्यावा असं सुचवलं, कारण आपल्या पोटावर चरबी लवकर साठते आणि साखर कमी वजनातच बिघडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत देशातल्या ३९.५ टक्के प्रौढांना पोटाचा लठ्ठपणा आढळला होता. ओपीडीच्या बाकावर बसलं की ही टक्केवारी डोळ्यांसमोर दिसते. माझ्या आजूबाजूला निम्मे तिशीच्या आतले होते. त्यातल्या बऱ्याच जणांचा बीएमआय ३३ ते ३९ मध्ये असणार, म्हणजे डॉक्टर हो म्हणणार आणि पॉलिसी नाही.

माझी पॉलिसी २०१९ पासूनची, पाच लाखांची, फॅमिली फ्लोटर, म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी मिळून एकच. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ संपलेला होता. हा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, पण तेवढ्यावर थांबू नका. लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी काही पॉलिसींमध्ये वेगळा प्रतीक्षाकाळ असतो आणि तो दुसऱ्याच पानावर लिहिलेला असतो. पॉलिसीचं पूर्ण पुस्तक पीडीएफमध्ये मागवा आणि त्यात ‘ओबेसिटी’ हा शब्द शोधा. मी तेच केलं, वीस मिनिटं लागली.

फेब्रुवारी जुने कागद गोळा करण्यात गेला. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेला, हवा असतो आधीच्या प्रयत्नांचा लेखी पुरावा: आहारतज्ज्ञाच्या पावत्या, जिमचं बिल, फॅमिली डॉक्टरांच्या कागदावर तारखेनिशी लिहिलेली वजनं. माझ्याकडे २०२१ ची आहारतज्ज्ञाची पावती होती आणि ऑफिसच्या वार्षिक तपासणीचे चार रिपोर्ट. फॅमिली डॉक्टरांनी आधी पॅडच्या कोऱ्या पानावर लिहून दिलं. ते चालत नाही. लेटरहेड, नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का, चारही लागतात. ऑपरेशन अजून मनाशी पक्कं नसलं तरी आजपासून दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे वजन करून कागदावर लिहून घ्या. मोबाइलवरच्या अॅपमधल्या वजनाला कोणी विचारत नाही.

पहिल्या भेटीची फी १,५०० रुपये होती. त्यानंतर तपासण्यांची रांग लागली. रक्ताच्या पॅकेजमध्ये थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिव्हर, किडनी, लोह, फेरिटिन, बी१२, डी आणि कॉर्टिसॉल होतं. कॉर्टिसॉल का, असं मी विचारलं. वजन वाढण्यामागे कुशिंगसारखा ग्रंथीचा आजार असेल तर आधी त्याचा इलाज करायचा असतो, पोटाला हात लावायचा नसतो. पुढे सोनोग्राफी, ईसीजी, टूडी एको, छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची चाचणी. सगळं मिळून साधारण २२,००० रुपये.

स्लीप स्टडी १ मार्चला घरीच झाली. संध्याकाळी तंत्रज्ञ येऊन छातीला पट्टा, नाकाला नळी आणि बोटाला क्लिप लावून गेला. ९,००० रुपये. तासाला २३ वेळा श्वास अडतो असं निघालं. १५ ते ३० मध्यम, ३० पासून पुढे तीव्र. म्हणजे मध्यम. एचबीए१सी मधुमेहाच्या दोन गोळ्यांवर ७.२. विम्याच्या भाषेत याला ‘नियंत्रणात’ म्हणतात. चार आजारांच्या यादीतला एकही आजार त्यांच्या मापाने माझ्याकडे नव्हता, त्यामुळे सगळा भार त्या ४० वर आला. तेव्हा मला याचा पत्ताच नव्हता. रिपोर्ट बरे आले म्हणून मी खूश होते!

झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वास अडू न देणारं सीपॅप मशीन महिना ३,००० रुपये भाड्याने घेतलं. पहिले चार-पाच दिवस मास्क अक्षरशः फेकून द्यावासा वाटतो. ऑपरेशनपूर्वी निदान चार आठवडे ते वापरलेलं असेल तर भूलतज्ज्ञांची काळजी कमी होते. आणि हॉस्पिटलात जाताना ते सोबत न्यायचं असतं, बॅगेत पहिलं तेच भरा.

याच मार्चमध्ये वजन कमी करणारं मौंजारो हे इंजेक्शन भारतात आलं. डॉक्टरांनी स्वतःहूनच विषय काढला. तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना होती, ५ ची ४,३७५ ला, आठवड्याला एक. म्हणजे ५ च्या डोसवर महिन्याला १७,५००, आणि बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं. माझ्या पॉलिसीत ओपीडीची औषधं नाहीत. घरी दोन संध्याकाळी हिशेब मांडला आणि मी ऑपरेशनच निवडलं. ज्यांचा बीएमआय ४० पासून लांब आहे त्यांच्यासाठी हा हिशेब उलटाही येईल. कोणी ही इंजेक्शनं घेत असेल तर त्याच्या पावत्या जपून ठेवा, ‘आधीचे उपाय’ म्हणून त्या चालतात. आणि भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, कारण पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. मधुमेहाच्या ‘फ्लोझिन’ने संपणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, त्या तीन-चार दिवस आधी बंद करतात, नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल साठतं.

मानसोपचारतज्ज्ञांची भेट २४ मार्चला होती. मी उगाच धास्तावले होते. रात्री उठून खाणं होतं का, दारू, आधीचं नैराश्य, ऑपरेशनकडून अपेक्षा काय, असे प्रश्न. चाळीस मिनिटांत प्रमाणपत्र हातात.

खरा उशीर एंडोस्कोपीने केला. ७ एप्रिलला केली, ६,५०० रुपये. हायेटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) नव्हता, पण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जिवाणू पॉझिटिव्ह आला. चौदा दिवस दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. नंतर निदान चार आठवडे थांबून पुन्हा चाचणी, आणि त्या चाचणीआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येतो. या हिशेबाने तारीख आली २६ मे. त्याच दिवशी मुंबईत मान्सून दाखल झाला. श्वासाच्या चाचणीसाठी उपाशीपोटी निघाले आणि लोकलच्या गोंधळात पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. निगेटिव्ह. एंडोस्कोपी पहिल्याच महिन्यात करून घेतली असती तर हे दोन महिने बाकीच्या तपासण्यांसोबतच निघाले असते.

आता जून, आणि माझी चूक.

ऑपरेशन १८ जूनला ठरलं, ॲडमिशन १७ ला. त्याआधी दोन आठवडे लिव्हर लहान करायचा आहार असतो. लठ्ठपणात लिव्हर चरबीने फुगतं आणि त्याचा डावा भाग जठरावर आडवा येतो. दुर्बिणीतून काम करताना तो उचलावा लागतो, आणि फुगलेलं लिव्हर फाटू शकतं. म्हणून दिवसाला सुमारे ८०० कॅलरी: तीन वेळा प्रोटीन पावडर, पातळ ताक, मुगाचं कढण, भाज्यांचं सूप. ३ जूनला सुरू केलं, वजन ९८.८. हॉस्पिटलच्या विमा डेस्कने कॅशलेसची फाइल पाठवली १० जूनला आणि फॉर्मवर लिहिलं त्या दिवशीचं वजन. ते होतं ९५.९. पहिल्या आठवड्यात उतरतं ते बहुतांशी पाणी असतं, पण फॉर्मला काय कळणार! बीएमआय झाला ३९.४.

नियमाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात उत्तर यायला हवं. उत्तर आलंही, पण क्वेरी म्हणून: बीएमआय ४० पेक्षा कमी, यादीतला आजार नाही, खुलासा करावा. डेस्कवरचा मुलगा म्हणाला, “ताई, डाएट थांबवा, वजन थोडं वाढू द्या.” तसं करू नका. लिव्हर पुन्हा फुगतं, आणि दोन-तीन किलोंसाठी मुद्दाम खाऊन आल्याचं भूलतज्ज्ञांना आवडत नाही. सर्जननी १२ तारखेला पत्र दिलं, की ऑपरेशनचा निर्णय आणि पात्रता आहार सुरू होण्यापूर्वीच्या वजनावर ठरते, नंतरची घट वैद्यकीय सल्ल्याने केलेली आहे, ३ जूनचं वजन ९८.८, बीएमआय ४०.६. सोबत ३ जूनचा केसपेपर.

दुसरी क्वेरी १३ ला: फेब्रुवारीच्या केसपेपरवर उंची १५८, जूनच्या कागदावर १५६, फरक कशाचा? मार्चमध्ये मी सपातांची चूक दाखवली होती तेव्हा सिस्टरने १५८ वर रेघ मारून शेजारी १५६ लिहिलं होतं. सही नाही, तारीख नाही. टीपीएच्या लेखी ती खाडाखोड. मला त्या दिवशी अपराध्यासारखं वाटलं, जणू मीच उंची चोरली. १४ ला परत ओपीडी. सिस्टर म्हणाली, “ताई, अंबाडा सोडा, चपला तिकडे, टाचा भिंतीला लावा.” डोक्यावरची पट्टी थेट टाळूला टेकली. १५६. डॉक्टरांनी मोजमापाच्या वेगळ्या कागदावर सही-शिक्का दिला, आणि जोडीला मी ऑफिसच्या २०२२ आणि २०२३ च्या तपासणीचे रिपोर्ट लावले. दोन्हीवर १५६. हे वर्षानुवर्षं कपाटात पडलेले रिपोर्टच कामी आले. १६ जूनला संध्याकाळी मंजुरीचा मेसेज आला. पहिली मंजुरी अडीच लाखांची, बाकी अंतिम बिलावर.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी नीट उंची, मग आहार सुरू होण्याच्या दिवसाचं सही-शिक्क्याचं वजन, मग फाइल, आणि फाइल गेल्यावर आहार. कागदावर दुरुस्ती झाली तर डॉक्टरांची सही आणि तारीख तिथल्या तिथे घ्या. नकारच आला असता तर वाट अशी होती: कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अॅनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही, पैसे भरून नंतर भरपाई मागता येते. हे मला डेस्कवर कोणी सांगितलं नव्हतं.

खोलीबद्दल थोडं. माझ्या पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. आठ हजारांची खोली घेतली तर फक्त वरचे तीन हजार जात नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लागू नाही. मी दोघींची खोली घेतली.

ऑपरेशन स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं. तोंडातून जठरात एक जाड नळी सरकवतात, तिच्या कडेने स्टेपलरने जठर उभं कापत आणि शिवत जातात. सुमारे तीन चतुर्थांश भाग बाहेर निघतो, उरते केळ्यासारखी नळी. भूक वाढवणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं. अंदाजपत्रकात स्टेपलरच्या सहा काडतुसांचे पैसे होते, वापरली पाच. वापरलेल्या प्रत्येकाचं स्टिकर फाइलला लावतात, ती मोजून बिलाशी ताडून घ्या.

थिएटरमध्ये दीड तास. चार तासांनी मावशींनी धरून उभं केलं, संध्याकाळी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हे चालणं, पोटात इंजेक्शनं आणि पायाला फुगणारे पट्टे. दुखण्यापेक्षा खांद्यातली कळ जास्त छळते. ऑपरेशनसाठी पोटात भरलेला वायू छाती आणि पोटामधल्या पडद्याला डिवचतो म्हणून ती येते आणि चालल्यावर जाते. डाव्या खांद्याची कळ मात्र ताप, १२० च्या वर नाडी किंवा वाढत्या पोटदुखीबरोबर आली तर ती शिवण गळण्याची खूण असू शकते. तेव्हा तास न घालवता हॉस्पिटल गाठायचं.

२० जूनला डिस्चार्ज. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे असतात. मला पाच तास लागले, जास्तीचे पैसे लागले नाहीत. बिल ४,१२,६०० रुपये, कंपनीने दिले ३,६९,१५०, खिशातून ४३,४५०. त्यातले २२,००० ऊतक कापून रक्त थांबवणाऱ्या अल्ट्रासॉनिक कात्रीचे, ‘पॅकेजमध्ये धरलेले’ म्हणून नाकारलेले. बाकीचे मोजे, हातमोजे, अॅडमिशन फी वगैरे.

घरी पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. औषधाच्या बाटलीचं १० मिलिलिटरचं झाकण हेच माझं भांडं. दर पाच मिनिटांनी एक झाकण: गाळलेली पेज, ताक, नारळपाणी, कढण, प्रोटीन. दिवसाला दीड लिटर गाठायचं तर मोबाइलवर गजर लावावा लागतो. घोट मोठा झाला की छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं होतं, दहा मिनिटं उभं राहायचं. तिसऱ्या आठवड्यापासून घोटलेलं: मऊ वरण, दही, कुस्करलेलं पनीर, उकडलेलं अंडं. मऊ मासे खायला सांगितलं होतं, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजे बोंबील कुठले! ऑगस्टपर्यंत वाट पाहिली. दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन हे लक्ष्य, म्हणून ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, भात शेवटी. खाताना पाणी नाही, आधी आणि नंतर अर्धा तास. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर. अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नाहीत. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिन्यांची वेगळी गोळी. आणि सलग दोन दिवस उलट्या झाल्या तर ‘बसेल पोट’ म्हणून घरी थांबू नका. थायमिन फार लवकर संपतं आणि नसांना इजा होते.

१० जुलैला ऑफिस. फिटनेस प्रमाणपत्रावर ‘दुर्बिणीद्वारे पोटाची शस्त्रक्रिया’ एवढंच लिहून घेतलं, रजेसाठी ते पुरतं. महिनाभर गर्दीची लोकल टाळली, पोटावर कोणाचं तरी कोपर बसण्याची भीती. पाच किलोंच्या वर काही उचलायचं नव्हतं, म्हणजे खांद्याची पर्सही हलकी केली. गणपतीत उकडीच्या मोदकाची फक्त पारी खाल्ली, अर्धी. सारण घशाखाली जायला धजलं नाही. सप्टेंबरमध्ये केस गळायला लागले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते बऱ्याच जणांचे गळतात, फेरिटिन आणि प्रोटीन तपासून पुढे जायचं. किती वजन उतरलं ते मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येकाचा वेग वेगळा असतो आणि तुलना करून लोक उगाच खचतात.

राहिला शेवटचा क्लेम. माझ्या पॉलिसीत भरतीपूर्वीचे ६० दिवस आणि नंतरचे ९० दिवस धरतात. १७ जूनच्या आधी ६० दिवस म्हणजे १८ एप्रिल. रक्त, एको, स्लीप स्टडी, एंडोस्कोपी, सगळं त्याआधीचं, म्हणजे सदतीस हजारांहून जास्त रुपये हद्दीबाहेर. शक्य असेल तर महागड्या तपासण्या ऑपरेशनची तारीख साधारण ठरल्यावर करा, एंडोस्कोपी तेवढी आधी. मला मिळाले श्वासाची चाचणी, जूनचं रक्त आणि नंतरची औषधं यांचे मिळून ११,८०० रुपये. मूळ बिलं, प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज समरी आणि रद्द केलेला चेक १९ सप्टेंबरला दिला. एका औषधाच्या बिलावर माझ्या नावाऐवजी घरच्यांचं नाव पडलं होतं, ते ६४० रुपये कापले गेले.